पाटी उतरवण्याआधी

प्रश्न एका फिजिशियनचा आहे. वय ४३, एमडी मेडिसिन, तालुक्याच्या गावात १५ वर्षांची प्रॅक्टिस. ते लिहितात : "वडील १९ दिवस आयसीयूत होते आणि तिथेच गेले. त्यानंतर दहा दिवसांच्या ध्यानशिबिराला जाऊन आलो. परतल्यापासून ओपीडीत जीव रमत नाही. आपण फक्त लक्षणं दाबतो, मुळाशी कुणी जात नाही, असं वाटतं. ॲलोपॅथी सोडून ऊर्जा-उपचार, ध्यान, थोडा आयुर्वेद असं केंद्र काढावं म्हणतो. बायको म्हणते, लोक हसतील. तुम्ही सोलापुरात असं काही केलंय असं कळलं. कसं केलंत?"

डॉक्टर, तुम्हाला कळलेलं अर्धंच खरं आहे. मी २००७ साली दवाखान्यावरची एमडीची पाटी उतरवली होती आणि २००९ च्या दिवाळीत पुन्हा चढवली. मधल्या दोन वर्षांत काय झालं आणि आता मी काय करतो, ते सांगतो. त्यातलं किती तुमच्या कामाचं, हे तुमच्या गावावर आहे. तिथे तुमच्याशिवाय दुसरा एमडी नसेल तर एक उत्तर, चार असतील तर दुसरं. हॉस्पिटलचं कर्ज फिटलंय की नाही, हे तर तुम्ही लिहिलेलंच नाही. अध्यात्माच्या गप्पांत बँकेचा हप्ता कुणी काढत नाही, पण निर्णय बऱ्याचदा तोच घेतो.

तुमचा प्रश्न 'ॲलोपॅथी की पर्यायी उपचार' असा दिसतो. मला तो तसा वाटत नाही. वडिलांचं दुःख, १५ वर्षांचा शीण आणि औषधांच्या खऱ्याखुऱ्या मर्यादा या तिन्हींचा गुंता झालाय. आमच्याकडे यंत्रमागावर धागा तुटला की कामगार माग थांबवतो, तुटलेलं टोक शोधतो, गाठ मारतो आणि माग पुन्हा सुरू करतो. तुम्ही थेट माग विकायला काढलाय. मीही तेच केलं होतं, म्हणून हक्कानं बोलतो.

माझा दवाखाना शहराच्या पूर्व भागात. पेशंट बहुतेक पद्मशाली, घरी तेलुगू बोलणारे. पुरुष मागावर, बायका विड्या वळणाऱ्या. सकाळच्या ओपीडीत नव्वद-नव्वद केस पेपर. प्रत्येकाला तीन मिनिटं, त्यातलं एक मिनिट 'सुई द्या' आणि 'सुईची गरज नाही' यात जायचं. एक विडी कामगार बाई सहा महिने येत होत्या. छातीत धडधड, हातापायाला मुंग्या, झोप नाही. ईसीजी नॉर्मल, थायरॉईड नॉर्मल, हिमोग्लोबिन थोडं कमी. दर वेळी मी एखादी गोळी बदलायचो.

एके दिवशी पावसानं लाईट गेली. ईसीजी मशीन बंद, बाहेर चिटपाखरू नाही. करायला काही नव्हतं म्हणून मी त्या बाईंची नाडी धरून बसलो. बोटांच्या पेरांवर तंबाखूचा पिवळा थर, तर्जनीचं नख कात्रीनं एका बाजूला झिजलेलं. नाडी मोजून झाली तरी मी हात सोडला नाही, कारण घाई नव्हती. बाई बोलायला लागल्या. कारखान्यात पानं कमी मिळतात, खराब म्हणून विड्या छाटून टाकतात, हजाराचा हिशोब भरत नाही. पोरगा पुण्याला गेला, त्याचा फोन नाही. वीस-पंचवीस मिनिटं गेली. लाईट आली नाही, मी काही लिहूनही दिलं नाही. पंधरा दिवसांनी बाई आल्या आणि म्हणाल्या, "त्या दिवशीचं औषध चांगलं होतं डॉक्टर, तेच द्या की."

त्या वाक्यानं माझी झोप उडवली. त्याच वर्षी मी इगतपुरीच्या विपश्यना शिबिरात दहा दिवस बसून आलो. मग एका संस्थेत ऊर्जा-उपचाराचा वर्ग केला, हात न लावता 'प्रवाह मोकळा करायचं' शिकलो. प्रमाणपत्र फ्रेम करून एमडीच्या शेजारी टांगलं. सहा महिन्यांत एमडीची फ्रेम खाली आली.

या वाटेनं जाणारे आपण पहिले नाही. सॅम्युअल हानेमान रीतसर पदवी घेतलेला जर्मन डॉक्टर. रक्तस्राव करवणं, पारा पाजणं असल्या उपचारांना विटून त्यानं प्रॅक्टिस सोडली आणि भाषांतरं करून पोट भरू लागला. १७९० मध्ये असंच एक पुस्तक भाषांतरित करताना त्यानं हिवतापावर दिली जाणारी सिंकोनाची साल स्वतःवर घेऊन पाहिली आणि तिथून होमिओपॅथीची कल्पना निघाली. १७९२ मध्ये सम्राट लिओपोल्ड दुसरा वारला, तेव्हा त्याच्यावर केलेल्या रक्तस्रावावर हानेमाननं उघड टीका केली. ती टीका शंभर टक्के बरोबर होती. पण त्यानं दिलेला पर्याय? तीस पोटन्सीचं औषध म्हणजे एकावर साठ शून्यं इतकं विरळ केलेलं. त्यात मूळ द्रव्याचा एक रेणूही उरत नाही. त्याचे पेशंट इतरांपेक्षा बरे राहिले असतील तर ते बहुधा रक्त काढणारं नस्तर टळल्यामुळे. आपल्यासारख्यांचं नेमकं हेच होतं. आपल्या धंद्यावरची आपली टीका अचूक असते, म्हणून आपण शोधलेला उपायही अचूक असेल असं आपल्याला वाटून जातं.

दुसरा माणूस मुंबईचा, डॉ. रुस्तम जाल वकील. पक्के हृदयरोगतज्ज्ञ. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेली सर्पगंधेची मुळी त्यांनी रक्तदाबाच्या पेशंटना दिली, आकडे मांडले आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले. जगानं दखल घेतली. पुढे तिच्यातून रेसर्पिन हे औषध निघालं, त्याचे गुणही कळले आणि काही जणांना त्यानं येणारी उदासीही कळली. वकिलांनी पाटी बदलली नाही. मुळीलाच पाटीखाली आणून बसवलं.

सोलापूरकर म्हणून तिसरं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. १९३८ मध्ये ते वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. त्याच पथकातले कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि ते भारतात आणलं. जुनाट दुखण्यात सुयांनी थोडा आराम पडतो हे चाचण्यांत दिसतं. पण खोट्या ठिकाणी टोचलेल्या सुयाही जवळपास तितकाच आराम देतात, हेही दिसतं. म्हणजे काम सुई करते, की शांतपणे आडवं पडून कुणीतरी अर्धा तास आपल्याकडे लक्ष देणं करतं? माझा कौल दुसऱ्या बाजूला आहे. लाईट गेली होती त्या दिवशी माझ्याकडे सुयाही नव्हत्या.

यावर २०१० मधला एक छान प्रयोग आहे. बोस्टनला टेड कॅपचक आणि सहकाऱ्यांनी आतड्याच्या तक्रारी असलेले ८० पेशंट घेतले. अर्ध्यांना स्पष्ट सांगितलं, की या गोळीत औषध नाही. तरी तीन आठवड्यांनी गोळी घेणाऱ्यांपैकी ५९ टक्के म्हणाले आराम आहे. न घेणाऱ्यांत ३५ टक्के. खोटं न बोलताही आराम देता येतो, हे त्यातून मी घेतलं. ऊर्जेचा प्रवाह वगैरे कथा त्यासाठी लागत नाही.

आता जे सांगायला मला अजून जड जातं ते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

पाटी उतरवल्यावर दीड वर्षानं एक मुलगा यायला लागला. वय २२, टाईप वन डायबेटिस, चौदाव्या वर्षापासून इन्शुलिनवर. त्याला परीक्षेची भीती होती, साखर वर-खाली व्हायची. मी त्याला समोर बसवून श्वास, ध्यान, 'प्रवाह' सगळं करायचो. त्याच्या इन्शुलिनला मी हात लावला नव्हता, बंद कर असं कधीच म्हणालो नव्हतो. पण एकदा बोलण्याच्या ओघात म्हणालो, "शरीराला बरं व्हायचंच असतं, आपण त्याच्या आड येतो." वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. पोरानं ते वहीत लिहून घेतलं. मग स्वतःच डोस कमी करत गेला आणि एका शनिवारी अक्कलकोटला दर्शन करून आल्यावर सुई घेतलीच नाही.

सोमवारी रात्री साडेअकराला त्याला माझ्या दारात आणलं. उलट्या थांबत नव्हत्या, डोळे खोल गेलेले, श्वास लांब आणि खोल, जणू पळून आलाय. तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरचा वास. तुम्हाला निदान सांगायला नको : इन्शुलिनअभावी रक्तात आम्ल साचलेलं. माझ्याकडे तेव्हा ग्लुकोमीटरसुद्धा नव्हता. तो कपाटात टाकून त्याच्या जागी समई ठेवली होती. ज्या आयसीयूला मी शिव्या देत होतो तिथेच त्याला घेऊन धावलो. सलाईन, इन्शुलिनचा पंप, पोटॅशियम. तिसऱ्या दिवशी तो उठून बसला. इन्शुलिननं वाचला, माझ्यामुळे नाही.

त्याची आई रागावली नाही. पायऱ्यांवर बसून एवढंच म्हणाली, "तुम्ही एमडी आहे म्हणून ऐकलो साहेब. कुठल्या बुवाकडं गेलो असतो का आम्ही?"

डॉक्टर, मला तुम्हाला जे सांगायचंय ते या बाईनं दोन वाक्यांत सांगितलं आहे. आपण पाटी उतरवली तरी गाव ती वाचतच असतं. पेशंट ऊर्जेवर विश्वास ठेवत नाही, आपल्या पदवीवर ठेवतो. 'एवढा शिकलेला माणूस सांगतोय म्हणजे त्यात काहीतरी असणार,' असं म्हणून तो मागं येतो. आपला शोध आपल्यापुरता असतो, त्याचा तोल सांभाळायला आपल्याकडे पॅथॉलॉजी, फार्माकॉलॉजी असते. त्याच्या हातात फक्त आपलं वाक्य असतं. म्हणून बुवापेक्षा वळलेला डॉक्टर जास्त धोक्याचा, हे मी स्वतःबद्दल म्हणतोय.

मग हद्द कुठे आखायची? मी रोगाच्या नावावर जात नाही. हे औषध उद्यापासून बंद केलं तर किती दिवसांत काय होईल, हा एकच प्रश्न विचारतो. टाईप वनचं इन्शुलिन, फिटची गोळी, बरेच महिने चाललेलं स्टेरॉईड, हृदयात धातूची झडप बसवलेल्याची रक्त पातळ करायची गोळी : यांत दिवसांचा खेळ आहे. तिथे ध्यान करा, नामस्मरण करा, पण गोळीच्या जोडीनं. टीबीत दिवसांचा नाही, महिन्यांचा घोटाळा होतो. दोन महिन्यांत बरं वाटतं, माणूस औषध सोडतो आणि मग औषधाला दाद न देणारा टीबी घेऊन परततो. कर्करोगात तर आकडेच आहेत. अमेरिकेतल्या २०१८ च्या एका अभ्यासात, बरा होण्याजोगा कर्करोग असून फक्त पर्यायी उपचार निवडणाऱ्यांचा मृत्यूचा धोका अडीच पट निघाला. स्तनाच्या कर्करोगात साडेपाच पटींहून जास्त.

टाईप टू आणि बीपीत तुमची ओढ खरंच कामाची आहे. वजन उतरलं, झोप लागली, चालणं सुरू झालं की गोळ्या कमी होतात, कधी बंदही होतात. पण त्या आपण मोजून कमी करायच्या, त्यानं आपापल्या मनानं नाही. आणि धडधड, ॲसिडिटी, जुनाट पाठदुखी, सगळे रिपोर्ट नॉर्मल असलेली माणसं. आपल्या ओपीडीत ती किती असतात हे तुम्हाला माहीत आहे. तिथे आपली गोळी तशीही फारशी चालत नाही. तिथे वेळ द्या, मनसोक्त द्या.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, वकिलाला विचारून घ्या. १९९६ मध्ये पूनम वर्मा खटल्यात होमिओपॅथीच्या डॉक्टरनं ॲलोपॅथीची औषधं दिली होती. ज्या पद्धतीचं ज्ञान नाही तिची प्रॅक्टिस करणारा भोंदू, असं सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं. ते उलट्या बाजूनंही लागू होतं, त्यामुळे 'थोडा आयुर्वेद' हे डोक्यातून काढा. मी पेशंटला शिकलेल्या वैद्याकडे पाठवतो, चिठ्ठीत चालू औषधं लिहितो आणि तीन महिन्यांनी लिव्हर-किडनीच्या तपासण्या करतो. बाजारातल्या सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांचं तर विचारू नका. चेहरा चंद्रासारखा गोल होऊन पेशंट आला की पुडीत स्टेरॉईड आहे हे मी दारातूनच ओळखतो. केंद्राची जाहिरात करताना 'मधुमेह बरा', 'फिट बरी' असं छापलंत तर १९५४ चा औषधं आणि जादूई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे. अलौकिक शक्तीचे दावे करून फसवणाऱ्यांसाठी महाराष्ट्राचा २०१३ चा कायदाही आहे. तो ज्यांच्या हयातभराच्या खटपटीतून आला ते डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः एमबीबीएस होते.

तुम्ही शिबिराहून आलात म्हणून एका गोष्टीची आठवण करून देतो. इगतपुरीची शिबिरं सुरू करणारे सत्यनारायण गोयंका आधी ब्रह्मदेशात व्यापारी होते, मायग्रेननं हैराण, दुखणं थांबवायला मॉर्फिन घ्यावं लागायचं. ते ध्यानगुरू ऊ बा खिन यांच्याकडे गेले आणि म्हणाले, डोकेदुखीसाठी शिकायचंय. गुरूंनी नकार दिला. एवढी मोठी विद्या डोकेदुखीसाठी वापरणं हा तिचा अपमान आहे, असं त्यांचं म्हणणं. मन शुद्ध करायला या, दुखणं गेलं तर तो वरचा फायदा. मी इगतपुरीहून आलो आणि नेमकं उलटं केलं. जी गोष्ट गुरूनं औषध म्हणून द्यायला नकार दिला ती मी तासाच्या दरानं विकायला बसलो.

आता वडिलांबद्दल. १९ दिवसांची ती जखम मला तुमच्या पत्रातली सगळ्यात खरी गोष्ट वाटते. शेवटच्या दिवसांत त्यांच्या हाताला हात लावायला तुम्हाला किती वेळ मिळाला? त्यांना काय हवंय हे कुणी विचारलं? हे वैद्यकाचं अपयश आहेच, पण त्याचं उत्तर वैद्यकातही आहे आणि तिथे अध्यात्माला हक्काची खुर्ची आहे. सिसिली सॉन्डर्स आधी नर्स, मग समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या पेशंटसाठीचं शुश्रूषाघर, काढलं. दुखणं शरीराचं, मनाचं, घराचं आणि आत्म्याचंही असतं, असं त्या म्हणत, आणि मॉर्फिन घड्याळ लावून देत. आपल्याकडे २०१४ मध्ये अमली पदार्थांचा कायदा दुरुस्त झाल्यावर मॉर्फिन ठेवणं पूर्वीपेक्षा सोपं झालंय. पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास हलका करण्याचं, शिक्षण तिरुअनंतपुरमच्या पॅलियम इंडियासारख्या संस्था देतात. ऊर्जा-उपचाराच्या वर्गाऐवजी ते करा. तुमच्या तालुक्यात कॅन्सरचा शेवटचा महिना घरी काढणारी माणसं असतील, त्यांच्याकडे कोण जातं? मी आता शनिवारी दुपारी जातो. कधी मलमपट्टी, कधी मॉर्फिन, कधी घरात चाललेल्या हरिपाठात मागे बसून राहणं.

बाकी माझं सध्याचं असं : सकाळची ओपीडी चाळीस पेशंटवर थांबते. मंगळवार-गुरुवार दुपारी लांब बैठका, एकेकाला चाळीस मिनिटं. त्यात श्वास शिकवतो, गप्प बसतो, ज्याला देव आहे त्याच्याशी देवाबद्दल बोलतो, ज्याला नाही त्याच्याशी मागाबद्दल. लांब बैठकीच्या प्रत्येक केस पेपरवर सगळ्यात वर चालू औषधं लिहिलेली असतात आणि खाली शिक्का : 'विचारल्याशिवाय एकही औषध बंद करायचं नाही.' वाचता न येणाऱ्याला ते माझी सिस्टर तेलुगूत, कन्नडमध्ये मोठ्यानं सांगते आणि परत म्हणून घेते. उत्पन्न तिसऱ्या हिश्शानं घटलं. बायको शिक्षिका होती, कर्ज संपलं होतं, म्हणून झेपलं. तुमचं संपलं नसेल तर आठवड्यातून एकाच दुपारीनं सुरुवात करा, आणि तीही वर्षभरानंतर. वडिलांचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत काही विकू नका, काही उद्घाटन करू नका.

स्वतःचं ध्यान मात्र सोडू नका. मी पहाटे सिद्धेश्वर तलावाच्या कडेला बसतो. आख्यायिका अशी, की ज्यांना आम्ही सिद्धेश्वर म्हणतो ते संत सिद्धराम इथे तळं खोदवण्यात गढले होते तेव्हा शिवशरण संत अल्लमप्रभू आले आणि म्हणाले, हे काय खोदत बसलास, आत बघ. सिद्धराम त्यांच्यामागे कर्नाटकातल्या कल्याणला, आजच्या बसवकल्याणला गेले. मला तिथे बसलं की हटकून वाटतं, बरं झालं, तळं अर्धवट राहिलं नाही.

राहता राहिलं वहिनींचं म्हणणं, लोक हसतील. २००७ मध्ये कुणी हसलं नाही. पहिल्याच आठवड्यात एक जुने पेशंट आले, पाया पडले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, संन्यास घेतला म्हणे. मग आता फी नसेल ना?" २००९ मध्ये पाटी परत लावली तेव्हा मात्र हसले. तेच गृहस्थ दारात उभे राहून पाटी वाचत होते. मग आत आले आणि शर्टाची बाही वर करून म्हणाले, "आलात का परत? बघा बरं, दोन वर्षं बीपीच बघितलं नाही कुणी." १८० वर ११० होतं.